शातो मुझार: इंदूरकरांचे वारंवार येणारे प्रश्न

लेबननची ही लाल वाईन इंदूरच्या मराठी घरांत शिरते ती बहुधा दुबईच्या मुलाच्या नाहीतर लंडनच्या भाच्याच्या सामानातून. बाटली येते आणि पाठोपाठ प्रश्न सुरू होतात: ठेवायची कुठे, उघडायची कधी, आणि "हा वास असाच असतो का?" टिळकनगरपासून सुदामानगरापर्यंतच्या मंडळींनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच शंका दोनदा आली असेल तर उत्तर एकाच जागी दिले आहे आणि दुसरीकडे त्याचा क्रमांक. घाई असेल त्यांनी थेट ९ आणि १२ वाचावेत. निम्मे प्रश्न तेवढ्यात मिटतात.

१. ही नक्की कसली वाईन आहे?

लेबननमधल्या होशार कुटुंबाच्या वायनरीची लाल, कोरडी वाईन. कोरडी म्हणजे गोड नसलेली. काबर्ने सोव्हिन्यों, सँसो आणि कारिन्याँ अशा तीन जातींच्या द्राक्षांची ती बनते. मद्यार्काचे प्रमाण साधारण १३ ते १४ टक्के असते. तिन्ही जाती मुळात फ्रान्स-स्पेनकडच्या, पण लेबननच्या उंचावर रुळलेल्या. काबर्नेमुळे वाईनला अंग येते, सँसोमुळे सुगंध आणि मऊपणा, कारिन्याँमुळे रंग आणि मातकट खोली. तिघांचे प्रमाण दरवर्षी बदलते. त्याचा परिणाम प्रश्न ८ मध्ये.

२. लेबनन तर अरब देश. तिथे वाईन कशी काय?

हजारो वर्षांपासून आहे. फिनिशियन व्यापारी याच किनाऱ्यावरून भूमध्य समुद्रभर वाईन नेत. बेका खोऱ्यातल्या बालबेक गावी रोमनांनी बांधलेले, वाईनचा देव बॅकस याचे म्हणून ओळखले जाणारे देऊळ आजही उभे आहे आणि त्याचे खांब पाहून माणूस थक्क होतो. देशात मुसलमानांबरोबर ख्रिस्ती समाजही मोठा आहे, दारूबंदी नाही. आधुनिक काळात १८५७ मध्ये जेझुइट पाद्र्यांनी क्सारा येथे द्राक्षे लावली. मुझार तुलनेने उशिरा आली, १९३० मध्ये.

३. द्राक्षे "बेका खोऱ्यातली" म्हणता आणि वाईन "डोंगरातली". दोन्ही कसे खरे?

हे खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटरवर आहे. आपले इंदूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे बेकाचा तळच आपल्या माळव्याच्या पठाराच्या जवळजवळ दुप्पट उंच. पश्चिमेला लेबननचे डोंगर, पूर्वेला अँटी-लेबनन, आणि हिवाळ्यात दोन्हींवर बर्फ. अक्षांश म्हणाल तर श्रीनगरच्या जवळचा.

उंचीने नेमके काय होते? दर हजार मीटरला हवा साधारण सहा अंशांनी थंड होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दिवस आणि रात्र यांतला फरक वाढतो. "शब-ए-मालवा" म्हणून आपण मिरवतो ना, दिवसभर तापून रात्री गार होणारी हवा, ती द्राक्षाच्या फार कामाची असते. दिवसा ऊन घेऊन घडात साखर भरते. रात्र उबदार राहिली तर वेल आपल्या फळातले मॅलिक आम्ल जाळत राहते आणि द्राक्ष पिकता पिकता फिके, मिळमिळीत होते. रात्र गार असली की हे जाळणे मंदावते. म्हणून पिकलेल्या द्राक्षातही आंबटपणाची धार शिल्लक राहते, आणि वाईन दशकानुदशके टिकते ती बऱ्याच अंशी या आम्लामुळे.

दुसरी गोष्ट अतिनील किरणांची. उंचावर ते जास्त असतात आणि द्राक्ष स्वतःला वाचवायला साल जाड करते. लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतूनच येतो. त्यात जमीन म्हणजे चुनखडीवर पसरलेली खडी, पाणी झरझर निचरून जाणारी. उन्हाळ्यात तिथे पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे बुरशीचा त्रास कमी आणि फवारणीही कमी. २००६ मध्ये मुझारच्या बागांना सेंद्रिय प्रमाणपत्र मिळाले, लेबननमध्ये सगळ्यांत आधी.

याच घराची पांढरी वाईन आणखी वरची आहे. ओबैदे आणि मेरवाह या तिथल्या अस्सल स्थानिक जातींच्या बागा १,२०० मीटरच्या वर आहेत. पण हे पान लाल वाईनचे.

४. होशार कुटुंब कोण? अजून मालकी त्यांचीच आहे का?

हो, अजून घरचीच आहे, तिसरी पिढी चालवते. सुरुवात गास्तों होशार यांनी केली. फ्रान्समध्ये राहून आलेला हा तरुण १९३० मध्ये बैरूतच्या उत्तरेला घझीर गावातल्या मझार नावाच्या जुन्या गढीच्या तळघरांत वाईन करू लागला. त्या काळी लेबनन फ्रेंचांच्या अमलाखाली होते आणि फ्रेंच अधिकारी हेच पहिले गिऱ्हाईक. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या बोर्दोच्या प्रसिद्ध वाईनघराण्यातले रोनाल्ड बार्टन लेबननमध्ये होते. त्यांची आणि गास्तोंची इतकी गट्टी जमली की गास्तोंनी आपल्या धाकट्या मुलाचे नावच रोनाल्ड ठेवले.

थोरला मुलगा सर्ज. ही वाईन जगाला माहीत झाली ती याच्यामुळे. शिक्षण इंजिनियरिंगचे, मग बोर्दोला जाऊन वाईनशास्त्र. १९५९ मध्ये वायनरी हातात घेताना त्यांनी वडिलांना बाजूला व्हायला सांगितले, असे ते स्वतःच सांगत. वडील झाले बाजूला. आपल्याकडच्या किती दुकानांत हे घडले असते, तुम्हीच सांगा. रोनाल्ड यांनी हिशेब आणि विक्री सांभाळली.

सर्ज यांचा आग्रह एकच होता: वाईनमध्ये ढवळाढवळ करायची नाही. बाहेरचे यीस्ट नको, द्राक्षांवर येते तेच पुरे. गाळणे नको, निवळणे नको, वाईन टिकावी म्हणून घालतात ते गंधकही कमीत कमी. पुढच्या उत्तरांत जे गुण आणि जी दुखणी येतील ती जवळजवळ सगळी या एका हट्टातून आलेली आहेत.

१९७९ च्या ब्रिस्टल वाईन मेळ्यात इंग्लंडचे नामांकित जाणकार मायकेल ब्रॉडबेंट यांनी मुझारची १९६७ ची वाईन उचलून धरली आणि तिथून नाव झाले. १९८४ मध्ये 'डिकँटर' मासिकाने "मॅन ऑफ द इयर" हा मान सुरू केला आणि तो पहिल्यांदा सर्ज यांना दिला. २०१४ च्या अखेरीस मेक्सिकोत समुद्रात पोहताना त्यांचे निधन झाले. आता त्यांची मुले गास्तों आणि मार्क कारभारात आहेत. नातवाला आजोबांचे नाव, ही रीत आपल्यासारखीच. प्रत्यक्ष वाईन १९९१ पासून तारेक साकर करतात.

५. बागा एकीकडे आणि वायनरी दुसरीकडे, असे का?

गढी घझीरला होती म्हणून वायनरी घझीरला. समुद्र दिसेल अशा त्या उतारावर द्राक्षे न पिकवता बेकातून आणायची, हे सुरुवातीपासूनचे. मधे लेबननची डोंगररांग आहे. बैरूत-दमास्कस रस्त्यावरची खिंड सुमारे दीड हजार मीटर उंच. शांततेच्या काळात हा काही तासांचा प्रवास. अशांततेत काय होते, ते पुढच्या प्रश्नात.

६. यादवी युद्धातही वाईन केली म्हणतात. खरे की जाहिरात?

खरे आहे. लेबननचे यादवी युद्ध १९७५ ते १९९० चालले. बागा आणि वायनरी यांच्यामध्ये अनेकदा लढाईची रेषा असे. तरी या पंधरा वर्षांत हुकलेले हंगाम दोनच धरले जातात. १९७६ मध्ये वाईन झालीच नाही. १९८४ मध्ये द्राक्षांचे ट्रक रस्त्यांवर इतके अडकले की घझीरला पोचेपर्यंत ती वाटेतच आंबू लागली होती. ती वाईन नेहमीसारखी बाजारात आली नाही. बाकी वर्षी तोडणी झाली, ट्रक वळणावळणाने का होईना पोचले आणि वाईन पिंपात गेली.

बाटलीवर युद्धातले साल दिसले की लोक हळवे होतात. चव मात्र हळवेपणाने ठरत नाही. त्या वर्षांतल्या काही बाटल्या अप्रतिम आहेत, काही साधारण.

७. लेबलवरचे साल इतके जुने का? शिळा माल तर नाही ना?

नाही. मुझारची मुख्य लाल वाईन तोडणीनंतर सातव्या वर्षी विकायला काढतात. तिन्ही जाती वेगवेगळ्या सिमेंटच्या टाक्यांत आंबवतात. काही महिन्यांनी ती फ्रेंच ओकच्या पिंपांत वर्षभर राहते. मग तिन्हींचे मिश्रण ठरवतात, बाटलीत भरतात, आणि बाटल्या तळघरात आणखी तीन-चार वर्षे पडून राहतात. बहुतेक वायनऱ्या हा थांबण्याचा काळ गिऱ्हाइकाच्या माथी मारतात. इथे तो घरच्यांनीच सोसलेला असतो, भांडवल अडकवून. तुम्हाला बाटली मिळते तेव्हाच ती पिण्याजोगी असते आणि पुढे वीस वर्षेही टिकू शकते. "शकते" म्हटले, कारण आपल्या इंदुरी उन्हाळ्यात ते होणे कठीण. प्रश्न १२ पाहा.

८. मागच्या वेळची फार आवडली होती. या वेळची वेगळीच निघाली. का?

साल वेगळे असेल. एक वर्ष काबर्ने वरचढ, दुसऱ्या वर्षी सँसो, असे चालते, आणि सारखेपणा आणायला वायनरी काहीही करत नाही. साल तेच असूनही चव वेगळी लागली तर तेही शक्य आहे: गाळलेली नसलेली, कमी गंधकाची वाईन प्रत्येक बाटलीत थोडी निराळी वाढते. ज्यांना दरवेळी तीच चव हवी त्यांनी ही वाईन घेऊ नये, असे मी सरळ सांगतो. त्यासाठी उत्तम वायनऱ्या पुष्कळ आहेत.

९. उघडल्यावर विचित्र वास आला. बाटली खराब आहे का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न, आणि याचे उत्तर "कसला वास?" यावर अवलंबून आहे.

नेलपॉलिशची किंवा किंचित व्हिनेगरची झाक, नाकाला टोचणारी पण मागे चेरी-मनुक्यांचा वास असणारी: ही मुझारची ओळखच आहे. आंबताना तयार होणारी उडणारी आम्ले या वाईनमध्ये इतरांपेक्षा जास्त असतात. थोडी असली तर वाईनला उठाव येतो, जास्त झाली तर दोष. सीमारेषा माणसागणिक बदलते. मोठमोठे जाणकारही यावरून भांडतात, तेव्हा तुम्हाला नाही आवडली तर त्यात कमीपणा काही नाही.

तबेल्याचा, चामड्याच्या खोगिराचा वास: हा ब्रेटॅनोमायसिस नावाच्या रानटी यीस्टचा. बाहेरचे यीस्ट न घालण्याच्या हट्टाबरोबर हा पाहुणाही येतो. जगमध्ये ओतून तासभर ठेवा, बराचसा मागे सरतो.

ओल्या पुठ्ठ्याचा, पावसात भिजलेल्या पोत्याचा वास आणि फळाचा पत्ता नाही: ही बाटली गेली. बुचातल्या टीसीए या रसायनाचा हा दोष. वायनरीचा हात यात नाही आणि हवा देऊन तो जातही नाही, उलट वाढतो. पिऊन अपाय होत नाही, पण आनंदही नाही. मोरीत ओता.

शिजवलेल्या फळाचा, मुरंब्यासारखा जड वास, बूच वर सरकलेले किंवा मानेभोवती चिकट ओघळ: बाटली तापली आहे. दुबईच्या गोदामात तापली की इंदूरला गाडीच्या डिकीत, हे आता कळणार नाही. एप्रिलमध्ये विमानतळावरून घरी येताना वाटेत खायला छप्पन दुकानला थांबायचे असेल तर बाटली गाडीत ठेवू नका, बरोबर घ्या. बंद गाडीची अर्ध्या-पाऊण तासात भट्टी होते.

रंग विटकरी दिसणे हा मात्र दोष नाही. जुन्या मुझारचा रंग कडेला विटकरी होतोच.

आणि पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. उघडताक्षणी रुसलेली बाटली दोन तासांनी ओळखू येत नाही, हे या वाईनबाबत नेहमीचे आहे.

१०. तळाशी काळा गाळ आहे. गाळून घेऊ का?

गाळ म्हणजे रंगद्रव्य आणि टॅनिन (सालीतले तुरट द्रव्य), खाली बसलेले. न गाळलेल्या जुन्या वाईनमध्ये असायचाच. बाटली आदल्या दिवशीपासून उभी ठेवा, हलक्या हाताने काचेच्या जगमध्ये ओता, मानेशी गाळ दिसू लागला की थांबा. शेवटची दोन बोटे सोडून द्यायची. चहाच्या गाळणीने काम भागते, पण गाळणीला कालच्या आल्याचा वास नको.

११. किती आधी उघडावी आणि किती थंड करावी?

दोन-तीन तास आधी जगमध्ये ओतून ठेवा. फार जुनी, पंचवीस-तीस वर्षांची असेल तर इतका वेळ नको, अर्धा तास पुरे. नाहीतर सुगंध उडून जातो.

"लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी" हा नियम युरोपातल्या दगडी घरांचा, जिथे खोली १८ अंशांवर असते. आपल्याकडे मे महिन्यात खोली ३५ वर असते. अशा वाईनचा मद्यार्क नाकात जातो आणि बाकी काही कळत नाही. बाटली तास-सव्वा तास फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, मग ओता. जानेवारीत मात्र फ्रिजची गरज नाही, इंदूरची खोलीच बरोबर असते.

१२. इंदूरच्या उन्हाळ्यात ही वाईन ठेवायची कुठे?

वाईनला हवे १२ ते १५ अंश, अंधार, आणि मुख्य म्हणजे तापमानात चढउतार नको. चाळीस-बेचाळीस अंशांच्या शहरात हे सहज मिळत नाही. काय चालते आणि काय नाही, ते सांगतो.

दिवाणखान्यातले काचेचे कपाट वाईट: उजेड, आणि रोज एसी सुरू-बंद. स्वयंपाकघरातला माळा त्याहून वाईट, कारण उष्णता वर जाते. जुन्या इंदुरात कुणाच्या वाड्याला खरे तळघर शिल्लक असेल तर तो भाग्यवान, फक्त आधी तिथे थर्मामीटर ठेवून मे महिन्यात पाहावे. तळघर आहे म्हणजे थंड आहे असे नाही. फ्लॅटवाल्यांनी उत्तरेकडच्या खोलीतल्या कपाटात, खालच्या खणात, कपड्यांमध्ये गुंडाळून आडवी ठेवावी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे पुरते.

मार्च लागला की फ्रिज. महिनोन्महिने फ्रिजमध्ये ठेवणे आदर्श नाही, कोरड्या हवेने बूच सुकू शकते. पण इंदूरच्या मेमध्ये कपाट आणि फ्रिज यांत निवड करायची तर मी डोळे मिटून फ्रिज निवडीन. वाईनसाठीचे छोटे फ्रिज मिळतात. पाच-सहा चांगल्या बाटल्या असतील आणि काही वर्षे ठेवायच्या असतील तर तो खर्च योग्य आहे. एकच बाटली असेल तर माझा सल्ला सोपा आहे: दिवाळीनंतर आली तर होळीच्या आत प्या. उन्हाळ्यात आली तर फ्रिजमध्ये टाका आणि पहिल्या गारव्यात काढा.

१३. आम्ही शाकाहारी. वाईनमध्ये अंडे असते का?

काही वाईनमध्ये निवळण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक, दुधातले केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. नंतर तो काढून टाकतात, पण काटेकोर शाकाहाऱ्याला तेही नको असते आणि ते रास्तच आहे. मुझारची लाल वाईन निवळतच नाहीत, त्यामुळे हा प्रश्न इथे उद्भवत नाही. चातुर्मासात चालते का, हे मात्र आजीला विचारा.

१४. आपल्या जेवणाबरोबर काय चालेल?

लेबननमध्ये ती कोकराच्या मांसाबरोबर पितात, म्हणून मराठी घरात पहिला मान सुक्या मटणाचा. भाजलेले खोबरे, कांदा, गरम मसाला, आणि तिखट आटोक्यात. मुझारमधला चामड्या-मसाल्याचा वास दालचिनी-लवंगेशी छान बसतो. तांबडा झणझणीत रस्सा असेल तर मात्र वाईनवर अन्याय होतो: मिरची तुरटपणाही वाढवते आणि मद्यार्काचा जाळही.

शाकाहारात भरली वांगी, शेंगदाण्या-खोबऱ्याचा दाट मसाला असलेली, फार सुरेख लागतात. वांग्याचे भरीतही. लेबननचे लोक वांगे भाजून बाबा गनूज करतात, तेव्हा ओळख जुनीच आहे. दाल-बाफल्यांबरोबर अपेक्षेपेक्षा बरी लागते, तुपामुळे तुरटपणा मऊ होतो.

आता इंदुरी लाड. शेव आणि जिरावन घालून गराडू (तळलेला कंद) समोर ठेवायचे आणि बरोबर ही वाईन, असा बेत बरेच जण करतात. करू नका. जिरावनातले आमचूर, काळे मीठ, हिंग आणि वरून लिंबू, यांच्यापुढे वाईन धातूसारखी लागते. दोन्ही उत्तम गोष्टी, फक्त एकत्र नकोत. भुट्ट्याचा कीस लिंबू न पिळता चालतो. पोहे-जलेबीबद्दल विचारणाऱ्यांना हात जोडले. श्रीखंड, मावाबाटी यांच्याबरोबर कोरडी लाल वाईन कडू लागते. गोड येण्याआधी ग्लास संपवा.

१५. बाटलीवर मुझार आहे पण लेबल वेगळे. नकली आहे का?

बहुधा त्याच घराची दुसरी वाईन असेल. 'मुझार जन' ही ओकच्या पिंपात न ठेवलेली, लवकर प्यायची, फळाळ वाईन. 'होशार पेअर ए फीस' ही एकाच बागेतल्या द्राक्षांची, मधल्या वजनाची. दोन्ही स्वस्त आणि सोप्या. वास-गाळाची भानगड कमी असल्याने पहिल्यांदा पिणाऱ्याला मी याच सुचवतो. सात वर्षांची गोष्ट (प्रश्न ७) फक्त मुख्य 'शातो मुझार'ची आहे.

१६. भिया, बर्फ टाकला तर चालतो का?

तुमची बाटली, तुमचा बर्फ. पण थंडच करायची तर प्रश्न ११ प्रमाणे करा, पाणी कशाला घालायचे?

१७. अर्धी उरली. किती दिवस राहील?

बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस सहज. ही वाईन दुसऱ्या दिवशी बरेचदा अधिक चांगली लागते, आणि हे सांत्वन म्हणून म्हणत नाही. उरलेली पुढेही पडून राहिली तर मटणाच्या रश्श्यात घाला.

१८. लाल वाईन हृदयाला चांगली म्हणतात. डायबेटिस, अ‍ॅसिडिटी असेल तर?

औषध म्हणून वाईन सुरू करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की मद्याचे पूर्ण सुरक्षित असे प्रमाण नाही. कोरड्या वाईनमध्ये साखर अगदी कमी असते हे खरे, पण इन्सुलिन किंवा डायबेटिसच्या काही गोळ्यांबरोबर मद्याने साखर एकदम खाली जाऊ शकते, विशेषतः उपाशीपोटी. आधी डॉक्टरांना विचारा. आम्ल भरपूर असल्याने अ‍ॅसिडिटीवाल्यांना जळजळ होते. गंधकाचा त्रास असलेल्या दमेकऱ्यांनीही जपावे: मुझारमध्ये ते कमी असते, शून्य नसते. गरोदरपणात नाही. गाडी चालवायची असेल तर नाही.

१९. मुलगा दुबईहून येतोय. किती बाटल्या आणू शकतो?

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य विनाशुल्क आणता येते. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, त्या बसतात. तिसरीने सव्वादोन होतात, मग ती जाहीर करून शुल्क भरावे लागते. मुंबई किंवा दिल्लीला विमान बदलायचे असेल तर पुढच्या टप्प्यासाठी बाटल्या चेक-इन सामानात टाका. हातात राहिली तर सुरक्षा तपासणीत अडते, आणि तिथे रडून उपयोग नसतो. आपल्या राज्यात मद्यासाठी वयाची अट २१ वर्षे आहे. घरी किती बाटल्या ठेवता येतात हे आबकारी विभागाच्या चालू वर्षाच्या धोरणात पाहावे आणि खरेदीची पावती जपून ठेवावी.

२०. बडोद्याच्या मावशीकडे मुंज आहे. तिच्या यजमानांसाठी एक बाटली नेली तर?

नेऊ नका. गुजरातेत दारूबंदी आहे आणि परवान्याशिवाय बाळगणे हा गुन्हा, मग बाटली एक असो, विदेशी असो, भेटीची असो. बाहेरच्या पाहुण्यांना परवाना मिळतो, पण तो तिथल्या परवानाधारक दुकानातून घेण्यासाठी. घरून नेलेल्या बाटलीला त्याने संरक्षण मिळत नाही.

यातली कमी ध्यानात येणारी अडचण अशी: मुंबईला उतरून अवंतिका एक्स्प्रेसने इंदूरला येणारे लोक सुरत, बडोदे, गोध्रा, दाहोद असे गुजरात पार करूनच येतात. बाटली बरोबर असेल तर विमानाने या. धुळे-सेंधव्याच्या रस्त्याने आणतानाही लक्षात ठेवा की मद्य हा राज्यांचा विषय आहे. मुंबईच्या दुकानाची पावती म्हणजे मध्य प्रदेशात कर भरल्याचा पुरावा नव्हे.

२१. नाशिकची वाईन सोडून हिच्यामागे कशाला?

सोडू नका. नाशिकच्या काही लाल वाईन उत्तम आहेत आणि रोजच्या जेवणाला त्या जास्त सोयीच्या. फरक हवामानाचा आहे. लेबननची वेल हिवाळ्यात झोपते, ऑगस्टपासून तोडणी. नाशिकला वेलीला खरी झोप मिळत नाही, म्हणून वर्षात दोन छाटण्या करून तिला फसवावे लागते आणि तोडणी उन्हाळा लागायच्या आत उरकावी लागते. एवढ्या वेगळ्या परिस्थितीतल्या दोन वाईन एका तराजूत घालू नयेत. नाशिकच्या बहुतेक बाटल्या तरुणपणीच प्याव्यात, मुझार म्हातारी झालेली पाहावी.

२२. माझा जन्म १९८४ चा. वाढदिवसाला त्या सालची मिळेल?

का मिळणार नाही ते प्रश्न ६ मध्ये आले. कुणी दाखवलीच तर विकणाऱ्याला ती कुठून आली हे आधी विचारा. १९७६ वाल्यांना तर तोही मार्ग नाही. लग्नाचे किंवा मुलाच्या जन्माचे साल शोधा. इतकी जुनी बाटली घेताना तीन गोष्टी पाहाव्या: मानेतली पातळी खांद्याच्या खाली गेलेली नसावी, बूच आत दबलेले किंवा वर आलेले नसावे, आणि विकणाऱ्याने ती कुठे ठेवली होती ते सांगितले पाहिजे. त्याने तिसऱ्याचे उत्तर टाळले तर पहिल्या दोन्हींवर जाऊ नका. चाळीस वर्षांचे बूच साध्या स्क्रूने हमखास मोडते. दोन पाती बाजूने सरकवून काढायचा चिमटा मिळतो, तो कुणाकडून उसना आणा. तरी मोडलेच तर उरलेले बूच आत ढकलून द्या आणि गाळणीतून ओता.